कानाची पाळी

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

(पत्राची सुरुवात अशीच करायची असते. तुझे आजोबा तर दोन ओळींचं कार्ड असलं तरी अशीच करायचे. हसू नकोस.)

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी तू विचारलेल्या प्रश्नाला मी "नंतर सांगते" म्हटलं आणि नंतर काही सांगितलं नाही. पाक गॅसवर होता. तिळाचे लाडू पाक गरम असतानाच वळावे लागतात, क्षणभर थांबलं की परातीत दगड. तेवढ्यात पुण्याहून मावशीचा मेसेज आला, गायिका प्रभा अत्रे गेल्याचा. मी "प्रभाताई गेल्या गं" म्हटलं आणि हात आपोआप कानाकडे गेला. गुळाची तार पाळीला चिकटली, एक तीळही. तुला हसू फुटलं. मग माझा चेहरा बघून गप्प झालीस आणि विचारलंस, "आई, त्यांचं नाव घेताना कान का धरलास? त्या तर तुझ्या टीचर नव्हत्या. आणि गाणी रेकॉर्डेड आहेत, मग नक्की काय गेलं?"

प्रश्न दोन आहेत. पहिला सोपा वाटतो, पण आहे अवघड.

आपल्याकडे कान बऱ्याच कारणांनी धरतात. गणपतीपुढे कान धरून उठाबशा काढतात. माझ्या शाळेत गृहपाठ राहिला की दुसऱ्याच कुणीतरी आपला कान धरायचं. गाण्यातलं कान धरणं वेगळं. गुरूचं किंवा मोठ्या गवयाचं नाव ओठावर आलं की अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पाळी धरायची, क्षणभरच. "एवढं मोठं नाव माझ्या तोंडून येतंय, चूकभूल माफ असावी" असा त्याचा अर्थ सांगतात. ही रीत फक्त आपली मराठी नाही. खाँसाहेब असोत, पंडित असोत, उत्तरेकडच्या सगळ्या घराण्यांत ती आहे. मी ती पाहिली सदाशिव पेठेतल्या एका स्वयंपाकघरात.

आमच्या बाई गाणं शिकवता शिकवता घरकाम उरकायच्या. एकदा त्या कणीक मळत होत्या आणि मी दाराशी बसून यमन रागातल्या एका बंदिशीची स्थायी, म्हणजे पहिला भाग, घोकत होते. त्यातल्या एका सुरेल वळणाबद्दल मी विचारलं, "बाई, ही जागा कुणाची?" "हिराबाईंची," म्हणाल्या आणि कणकेनं माखलेला हात तसाच कानाला लावला. पाळीवर पिठाचा पांढरा ठिपका राहिला. मला हसू आलं, तुला आलं तसंच. त्या म्हणाल्या, "हस. पण जे आलं ते इथूनच आलंय. वहीतून नाही." त्यांनी हिराबाईंना शेजारी बसून कधी ऐकलं नव्हतं. हिराबाईंच्या एका शिष्येकडून जे कानावर पडलं तेवढंच. तरी कान हिराबाईंच्या नावानं धरला. म्हणून मीही प्रभाताईंच्या नावानं धरते.

आता ही माणसं कोण, ते सांगते. अब्दुल करीम खाँसाहेब किराणा घराण्याचे. त्यांचा मुलगा सुरेशबाबू माने, मुलगी हिराबाई बडोदेकर. वडिलांचं नाव एक आणि मुलांची दुसरीच, असं का, ते पुढं कधीतरी. आईवडील वेगळे झाले, मुलं आईकडे राहिली आणि नावं बदलली, एवढं आत्ता पुरे. प्रभाताई अत्रे शिकल्या सुरेशबाबूंकडे आणि ते १९५३ साली गेल्यावर हिराबाईंकडे. सुरुवात कशी झाली ठाऊक आहे? प्रभाताई आठ वर्षांच्या असताना त्यांच्या आईची तब्येत बरी नसायची. गाणं शिका, बरं वाटेल, असं कुणीतरी सुचवलं. आईनं थोडे दिवस शिकून सोडून दिलं, पण घरात बसून ऐकणारी मुलगी गातच राहिली. मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्या घरातली मी ती आई आहे, सोडून देणारी. पुढं प्रभाताई विज्ञान शिकल्या, कायदा शिकल्या आणि सरगमवर, म्हणजे सा-रे-ग-म म्हणत गाण्यावर, प्रबंध लिहिला. ख्यालात सरगम गाण्यावर नाकं मुरडली जायची. त्या गात राहिल्या, वर ती का गायची हेही लिहून मोकळ्या झाल्या.

१३ जानेवारी २०२४ ला पहाटे पुण्यात त्या गेल्या. वय ९१. त्याच दिवशी मुंबईत त्यांचं गाणं होतं. ९१ व्या वर्षी कार्यक्रमाची तारीख ठरलेली! मला त्यावरून खाँसाहेब आठवले. १९३७ साली ते आगगाडीनं पुद्दुचेरीला निघाले होते. वाटेत बरं वाटेना म्हणून मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावर तंबोरा लावून घेतला, दरबारी राग गायले आणि तिथंच डोळे मिटले, असं सांगतात. त्यांना आणलं मिरजेला. तिथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, आणि उरुसात चिंचेच्या झाडाखाली गायक येऊन गातात. तिकीट नाही, फुकट. मुलं वडिलांची आठवण ठेवतात तसं हे, फक्त इथं मुलं रक्ताचीच असावी लागत नाहीत. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व. ते १९५२ साली गेले आणि पुढच्याच वर्षी भीमसेनजींनी पुण्यात त्यांच्या नावानं महोत्सव सुरू केला. एरवी वर्षश्राद्धाला जेवण घालतात, इथं पूर्वी रात्र रात्र गाणं चालायचं. भीमसेनजींचं गाणं थांबल्यावर शेवटच्या दिवशीचा समारोप बरीच वर्षं प्रभाताई करायच्या. एकदा मी तिथं चटईवर होते, खूप मागं, शालीत गुंडाळलेली. त्या दिसत नव्हत्या. ऐकू येत होत्या.

तुझा दुसरा प्रश्न. मारुबिहाग आणि कलावती या रागांची त्यांची ती ध्वनिमुद्रिका आपल्याकडे आहेच, 'जागू मैं सारी रैना' तुला गाडीत पाठ झालंय. ते जात नाही. पण त्यात त्या 'जागू'वर जशा येतात तशाच येणार, हजार वेळा लावलं तरी. मैफलीत त्या दर वेळी वेगळ्या वाटेनं यायच्या. या वेळी कुठून येतील, ते गेलं. आणि शिष्येनं चुकीचा स्वर लावला तर "थांब" म्हणणं, तेही रेकॉर्डमध्ये नाही.

हे मला बाईंमुळे कळलं. त्यांनी मला यमनची ती स्थायी दिली आणि अंतरा, म्हणजे दुसरा भाग, "पुढच्या वेळी" म्हणाल्या. काही बंदिशी अशाच पुरवून पुरवून देतात, पूर्वी तर शिष्यांपासून लपवूनही ठेवायचे. मला ते कधीच पटलं नाही. किती गाणं त्या हट्टापायी चितेवर गेलं असेल! बाईंचा हट्ट नव्हता, वेळ नव्हता. पुढच्या वेळेआधी माझं लग्न झालं, मेलबर्नला आले. दर सुट्टीत जायचं ठरवायचे आणि राहायचं. मग बाई गेल्या. ती बंदिश मला कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही. माझ्याकडे अर्धीच आहे.

मिरजेचा तंबोराही कपाटामागं आहे, खोळीत. येताना विमानात भोपळ्याला तडा गेला. सामानाला चाक नसेल तर विमानतळावरची माणसं ते आपटतात. विमान कंपनीनं पाठवलेला फॉर्म मी भरलाच नाही, कारण 'वस्तूचं वर्णन' या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. तेव्हापासून फोनमधला तानपुरा. तो बरोबर वाजतो, हीच त्याची अडचण. खऱ्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, लावताना तारेखाली सुताचा धागा सरकवतात, केसभर इकडं, केसभर तिकडं, आणि एका जागी तार अचानक बोलायला लागते. ती जागा बाई डोळे मिटून शोधायच्या.

आता एक गोष्ट, जी तुला माहीत नाही. आंघोळीला गेलीस की तू जे गुणगुणतेस ना, ते शाळेतलं नाही, रेडिओवरचंही नाही. ती बाईंची स्थायी आहे. मी भाजी चिरताना म्हणते, तुझ्या कानावर पडली असणार. दुसऱ्या ओळीत तू मध्यम, म्हणजे 'म', शुद्ध लावतेस. तिथं तीव्र, जरा वरचा, आहे. गेले दोन महिने मी बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहून ऐकते आणि काही बोलत नाही.

शनिवारी तंबोऱ्याची खोळ काढू. तडा किती आहे बघू. मग बस माझ्यासमोर.

तुझी,
आई