पुण्यात पहिले घर घेताना: करसवलत आणि कायदेशीर मदत

आपले अभिनंदन. कर्ज, विमा, सोसायटीचे नियम हे पुढे पाहता येईल. आरंभी मोजक्याच गोष्टी सांभाळा.

पुणे महापालिकेच्या हद्दीत मालक स्वतः राहत असलेल्या निवासी घराला मालमत्ता करात ४० टक्के सवलत आहे, परंतु घर भाड्याने दिल्यास ती राहत नाही, आणि नव्या खरेदीदाराने पीटी-३ अर्ज (घरात स्वतः राहत असल्याचे महापालिकेला कळवणारा) पुराव्यांसह दिल्याशिवाय ती आपोआप लागेल असे गृहीत धरू नये. बहुतेक नवखे इथेच चुकतात. जुने घर घेत असाल तर कर भरल्याची अलीकडची पावती मागा, कारण थकबाकीचा बोजा मालमत्तेवरच राहतो.

मात्र मोठे नुकसान होते ते करारात, म्हणून रक्कम देण्यापूर्वी हे तपासा:

- प्रकल्पाचा महारेरा (राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) नोंदणी क्रमांक आणि त्यात नमूद केलेली पूर्णत्वाची तारीख.
- विक्री करार नोंदवण्याआधी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारता येत नाही (रेरा कायदा २०१६, कलम १३). 'टोकन' हा शब्द वापरल्याने हा नियम बदलत नाही.

ताबा लांबल्यास कलम १८ नुसार व्याजासह परतावा किंवा प्रकल्पात राहून दरमहा व्याज मागता येते.

विकासकाने सुचवलेल्या वकिलावर विसंबू नका. फी परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती उत्पन्न कितीही असले तरी तेथील मोफत मदतीस पात्र आहेत.