त्या टाइमटेबलात शिफ्ट कुठे आहे?

सप्रेम नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं आणि सोबतचा कागदही. मुलानं फाडून फेकलेलं टाइमटेबल तुम्ही कचऱ्यातून वेचलं, सेलोटेप लावून जोडलं आणि मला पाठवलं. पत्रापेक्षा त्या कागदानंच मला जास्त सांगितलं.

तुम्ही लिहिता, मुलगा २४ वर्षांचा आहे, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, दोन वर्षांपासून नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीत कंत्राटी नोकरी करतोय. केंद्र सरकारच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनची ज्युनिअर इंजिनिअरची परीक्षा काढायची आहे. वर्षभरात चार टाइमटेबलं झाली, शेवटचं अकराव्या दिवशी फाटलं. त्याचे बाबा म्हणतात, पोरात जिद्दच नाही. आणि तुमचा प्रश्न, नोकरी सोडायला सांगू का?

तो कागद समोर ठेवून मी बराच वेळ पाहत बसलो. लाल स्केचपेननं आखलेले सात रकाने. सातही रकान्यांत एकच मजकूर: पहाटे ४ ते ७ अभ्यास, संध्याकाळी ५ ते १० अभ्यास. खाली इंग्रजी बोलणं, दहा किलो वजन कमी करणं, मोबाइल बंद. पण ताई, अख्ख्या कागदावर ‘शिफ्ट’ हा शब्द एकदाही नाही.

फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात पहाटे ४ ला तो बस गाठायच्या घाईत असतो. सेकंड शिफ्टला त्या वेळी तो गाढ झोपेत असतो, कारण घरी येऊन जेवायलाच रात्रीचे साडेअकरा होतात. आणि नाइटला पहाटे ४ ला तो मशीनसमोर उभा असतो. त्यानं जे टाइमटेबल केलं, ते नोकरी नसलेल्या कुणातरी मुलाचं होतं. ते अकरा दिवस ओढलं, हीच मला जिद्द वाटते. बाबांना हे जरूर वाचून दाखवा.

आता हिशोब मांडू. आठ तास कंपनीत. बुटीबोरी नागपूरपासून तीसेक किलोमीटर, तेव्हा जाणं-येणं आणि बसची वाट पाहणं धरून अडीच तास. सात तास झोप, दोन तास जेवण-आंघोळ. झाले साडेएकोणीस. उरले साडेचार, त्यातही थकवा. एवढ्यात रोजचे आठ तास बसणारच नाहीत.

म्हणून त्याला सांगा, आठवडा धरू नकोस, तीन आठवड्यांची फेरी धर. फर्स्ट शिफ्टला दुपारची झोप काढून संध्याकाळी दोन तास. सेकंडला सकाळी डोकं ताजं असतं, तेव्हा अडीच तास. थर्मोडायनॅमिक्स, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स असे जड विषय याच आठवड्यात. नाइटला फक्त चाळीस मिनिटं, तीही जुन्या प्रश्नांची उजळणी. नवा धडा उघडायचाच नाही. सुटीच्या दिवशी तीन तास. सहा दिवसांच्या हिशोबानं १२, १५ आणि ४, वर सुट्यांचे ९. एका फेरीत ४० तास. वर्षात अशा १७ फेऱ्या होतात, म्हणजे ६८० तास. त्याचं आठ तासांचं टाइमटेबल अकरा दिवस तंतोतंत पाळलं असतं तरी ८८ तासच झाले असते.

हे तास कुठे लावायचे तेही सांगतो. पहिल्या पेपरात २०० गुण, त्यातले १०० इंजिनिअरिंगचे, बाकी ५०-५० बुद्धिमापन आणि सामान्यज्ञानाचे. दुसरा पेपर ३०० गुणांचा, सगळा इंजिनिअरिंगचा. म्हणजे ५०० पैकी ४०० गुण त्यानं डिप्लोमात शिकलेल्या विषयांचे. सामान्यज्ञानाच्या जाडजूड पुस्तकांनी घाबरून जायचं कारण नाही. बहुतेक खात्यांना वयाची अट ३० पर्यंत आहे, तेव्हा ‘याच वर्षी’ हा हट्टही सोडू द्या. नवी जाहिरात आली की नमुना आणि अटी एकदा तपासून घ्यायच्या. इंग्रजी आणि वजन सध्या बाजूला. दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत, पण आता त्यांची पाळी नाही.

एक युक्ती मी प्रत्येक शिफ्टवाल्या मुलाला सांगतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ साली ती नीट मांडली. ‘मी अभ्यास करीन’ असं नुसतं ठरवू नये; ‘अमुक झालं की तमुक’ असं बांधून ठेवावं. फर्स्ट शिफ्टला दुपारी झोपून उठलो की चहा, चहाचा कप खाली ठेवला की वही. घड्याळ पाहायची गरजच नाही, कारण बस उशिरा आली तरी चहा व्हायचाच.

आणि एखादा दिवस बुडाला, ओव्हरटाइम लागला, पाहुणे आले, तर ते तास दुसऱ्या दिवसावर चढवायचे नाहीत. चढवलेले तास साचत जातात आणि मग कागद फाटतो. एका साध्या वहीत रोज प्रत्यक्ष झालेले तास लिहायचे, शून्य झाले तर शून्य.

तुमच्याकडून एकच मागणं. नाइटच्या आठवड्यात त्याची दिवसाची झोप सांभाळा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तापलेल्या खोलीत झोप लागत नाही आणि मग ती चाळीस मिनिटंही जातात. तो घरी यायच्या आत कुलरमध्ये पाणी भरलेलं असू द्या, खिडकीला जाड चादर लावा, आणि दुपारी १२ ला कुणी आलं तरी त्याला उठवू नका. ‘मावशीचा मुलगा लागला’ हेही तेवढे दिवस घरात नको.

नोकरीचं विचाराल तर आत्ता सोडू नये. घरात पगार येत असला की परीक्षेचा धसका निम्मा होतो. दोन फेऱ्या झाल्यावर वहीत ६० तासांच्या वर दिसले, तर नोकरी सांभाळून जमतंय असं समजू. ३० च्या आत राहिले, तर सुट्या कशा जोडायच्या, परीक्षेआधी दोन महिने मोकळे कसे काढायचे, ते आपण तिघं बसून बघू. मधलं काही असेल तर आणखी एक फेरी जाऊ द्यावी.

येत्या सोमवारी त्याची कुठली शिफ्ट आहे ते विचारा आणि तिथूनच फेरी मोजायला लागा. सहा आठवड्यांनी त्याला वही घेऊन माझ्याकडे पाठवा. सेकंड शिफ्ट असेल तर सकाळी साडेदहाला यावं, म्हणजे आधी त्याचे अडीच तास होऊन जातील.