हातशेपसुत राणी होती की फारो? तिचं नाव का खोडलं गेलं?

ती फारोच होती, म्हणजे प्राचीन इजिप्तची स्वतः राज्य करणारी राजा. पहिल्या थुतमोसची ही मुलगी. राजघराण्यातल्या रीतीप्रमाणे सावत्र भावाशी, दुसऱ्या थुतमोसशी, तिचं लग्न झालं. इ.स.पू. १४७९च्या सुमारास तो वारला तेव्हा सवतीचा मुलगा, तिसरा थुतमोस, अगदी लहान होता. आधी तिने त्याच्या नावाने कारभार पाहिला आणि काही वर्षांतच स्वतः राजमुकुट धारण केला. अनेक शिल्पांत ती नकली दाढी लावून पुरुषी वेशात दिसते, पण लेखांत बऱ्याच ठिकाणी तिच्यासाठी स्त्रीलिंगी रूपंच आहेत. मला हे फार विलक्षण वाटतं.

इजिप्तमधल्या लक्सरजवळचं देर अल-बहरीचं मंदिर तिचंच. त्याच्या भिंतींवर पुंत देशाची सफर कोरली आहे, अगदी मुळांसकट टोपल्यांत घालून आणलेली धूपाची झाडंसुद्धा! कर्नाकच्या मंदिरातला तिचा जवळपास ३० मीटर उंचीचा अखंड ग्रॅनाइटचा स्तंभ आजही उभा आहे.

नाव खोडलं ते तिसऱ्या थुतमोसच्या काळात, पण तिच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी. सूड उगवायला कुणी इतकं थांबेल हे मला पटत नाही. थुतमोसला आपल्या मुलाचा गादीवरचा हक्क निर्वेध करायचा असावा, हे कारण जास्त सयुक्तिक वाटतं.