येशूकडे खंडणी मागितली कुणी?

नाशिकच्या शरणपूर रोडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मराठी बायबलात मार्क १०:४५ मध्ये येशू पुष्कळांसाठी आपला जीव 'खंडणी' म्हणून द्यायला आला, असं आहे. ते ऐकून त्यांच्या दहावीतल्या मुलाने विचारलं, "खंडणी तर गुंड मागतात. येशूकडे कुणी मागितली?"

ताई, पोराने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं आहे.

'खंडणीप्रकरणी दोघे अटकेत' हे पेपरात वाचून वाचून या शब्दाला धाकदपटशाचा वास लागला. मुळात खंड म्हणजे ठरवून टाकलेली रक्कम. निफाड-दिंडोरीकडे जमीन खंडाने देतात तोच हा खंड. पीक येवो की बुडो, ठरला आकडा द्यायचा. पेशवाईत पाळेगारांवर, म्हणजे दक्षिणेकडच्या छोट्या सरदारांवर, खंडणी बसवायचे. मात्र तिथेही घेणारा जबरदस्त आणि देणारा दबलेलाच.

मूळ ग्रीक शब्द 'लुट्रॉन' म्हणजे गुलाम किंवा युद्धकैदी सोडवण्यासाठी मोजलेली किंमत. तो 'सोडणे' या धातूवरून आला, म्हणजे त्याची नजर सुटणाऱ्यावर आहे. (गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं एकेकाळी आपल्या शरणपुरातच शिकली. त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागला नसेल.)

किंमत म्हटली की ती कुणाला दिली, हे आलंच. तिसऱ्या शतकात ओरिजेन हा ख्रिस्ती धर्मपंडित म्हणाला, सैतानाला. अकराव्या शतकात अँसेल्म या दुसऱ्या धर्मपंडिताने ते मोडून काढलं: सैतानाचा देवावर हक्क कसला? देव सार्वभौम असेल तर त्याच्याकडून वसुली करणारा कोण? योहान १०:१८ मध्ये येशू सांगतो की माझा जीव कुणी घेत नाही, मी आपण होऊन देतो. मराठीत खंडणी कुणी आपण होऊन देत नाही. शब्द अडतो तो इथे.

'खंडणी'च्या जागी 'मुक्तिमूल्य' बरोबर आहे, पण कोरडं. मला जवळचा वाटतो 'ऐवज'. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मोबदला, बदली. 'दोन लाखांचा ऐवज' यातली किंमत आणि 'माझ्याऐवजी तू' यातली अदलाबदल, दोन्ही त्याच्याच पोटात आहेत. ग्रीक वाक्यातही लुट्रॉनला लागून 'अँटी' आहे, म्हणजे 'च्या जागी'.

पिढ्यान्‌पिढ्या पाठ असलेली ओळ बदला, असं मी म्हणणार नाही. मुलाला एवढंच सांगा, की 'पुष्कळांसाठी'च्या जागी 'पुष्कळांऐवजी' असं एकदा मोठ्याने वाचून बघ.