थंडीत रात्री पाहुणा येतो तेव्हा

प्रश्न : ताई, जानेवारीत माझे मामेसासरे मुंबईहून येणार आहेत. वय 76, कवळी आहे. संध्याकाळच्या गाडीने नाशिकरोडला उतरून इंदिरानगरला घरी यायला आठ वाजतील. रात्री जड जेवत नाहीत, "गरम सूप कर, पुरे" म्हणतात. गेल्या वर्षी टोमॅटो सूप केलं, तर दूध घालताच ते फाटलं. गाळून वाढलं, पण मामा अर्धपोटी झोपले याची रुखरुख अजून आहे. पोटभरीचं काय करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दूध फाटलं ते टोमॅटोच्या आंबटपणामुळे. टोमॅटोबरोबर एक गाजर आणि मूठभर मसूर डाळ कुकरला लावलीत तर सूप आपोआप दाट होतं, दूध लागतच नाही. पण तुमच्या जागी मी असते तर मामांना शेंगोळेच केले असते, म्हणजे हुलग्याच्या (कुळथाच्या) पिठाची वळून रश्शात शिजवलेली कडी. वरचा रस्सा प्यायचा, खालचे शेंगोळे खायचे. सूप आणि जेवण एकाच वाडग्यात.

माझं माहेर निफाडकडचं. पारा फार उतरला की तिथे द्राक्षं जपायला बागेत शेकोट्या पेटवतात. वडील रात्री बागेतून यायचे ते अंगाला धुराचा वास घेऊनच. आई काही विचारायची नाही, आधी वाडगं हातात द्यायची. दोन्ही तळव्यांत ते धरून ते बसायचे, आणि चार घोट पोटात गेल्याशिवाय पहिला शेंगोळा उचलायचे नाहीत.

हुलगे गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारातून आणा, निवडा, खमंग वास सुटेपर्यंत भाजा आणि गिरणीतून दळून घ्या. तयार पीठ बरेचदा जुनं निघतं, कडवट लागतं. चौघांना दोन वाट्या पीठ, त्यात अर्धी वाटी कणीक. लसणाच्या 12 पाकळ्या, चार हिरव्या मिरच्या (मामांसाठी दोनच), जिरं, कोथिंबीर आणि मीठ जाडसर ठेचा. निम्मा ठेचा पिठात घालून घट्ट मळा, निम्मा फोडणीला ठेवा.

आता छोटा गोळा घ्या आणि पोळपाटावर तळहाताने पुढे-मागे लाटा. नेहमी करंगळीएवढे जाड करतात, कवळीसाठी पेन्सिलीएवढेच करा. दोन्ही टोकं जुळवून चिमटीत दाबा. टोक नीट दाबलं गेलं नाही तर कडं पाण्यात उघडतं. सहा वाजताच सगळे करून ताटात ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा.

मामांचा "उतरलो" असा फोन आला की फोडणी करा, आठ वाट्या पाणी आणि मीठ घाला. पाणी खळखळा उकळायला लागलं की एकेक शेंगोळा सोडा. पहिली पाच मिनिटं डाव अजिबात घालू नका, मोडतात. मग अर्धवट झाकण ठेवून वीस मिनिटं शिजू द्या. एक मोडून बघा, आत कोरडं पीठ दिसता कामा नये. रिक्षा दारात येईपर्यंत होतात.

हे आधी करून ठेवण्याचं जेवण नाही. शेंगोळे रस्सा पीत राहतात, अर्ध्या तासात पिठल्यासारखं होतं. मामांना हातपाय धुवायला वेळ लागला तर उकळतं पाणी बाजूला असू द्या, वाढण्याआधी घाला आणि मीठ चाखा. वरून साजूक तूप, लिंबाची फोड. कच्चा कांदा त्यांच्या ताटात नको. रश्शात कुस्करायला एक मऊ भाकरी पुरे.

हुलगे उष्ण मानतात, म्हणून पित्ताचा त्रास आहे का ते आधी विचारून घ्या. असेल तर हिरव्या मुगाचं कढण करा, आलं आणि तूप-जिऱ्याची फोडणी देऊन, सोबत मऊ भात.

उरलेले शेंगोळे टाकू नका. सकाळी तव्यावर थोड्या तेलात परतून चहाबरोबर द्या. त्या वेळी मात्र मामांसाठी मऊ बघून वेगळे काढा.