नाव पटावर ठेवा, अभ्यास घरी घ्या

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही वेंगुर्ले तालुक्यातील कॅथलिक कुटुंब आहोत. यजमान जहाजावर नोकरीला असल्यामुळे वर्षातील बहुतेक महिने सासूबाई, मी आणि तीन मुले एवढेच घरात असतो. बारा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा धाकटा, तिघांनाही स्वमग्नता (ऑटिझम) आहे. थोरला वाचतो, लिहितो, परंतु वर्गातला गोंगाट सहन न होऊन कान झाकून बसतो. मुलगी मोजकेच शब्द बोलते. धाकटा अजून बोलत नाही. धाकट्याला घरीच ठेवा, असे शाळेने सुचवल्यापासून मी तिघांनाही घरी शिकवते. हे नियमात बसते का? एकटीने तिघांना कसे शिकवावे? मुलीचे प्रथम ख्रिस्तप्रसाद (मिस्सा या उपासनेत येशूचे शरीर म्हणून दिली जाणारी भाकर) घेण्याचे वय झाले आहे, पण तिच्या प्रार्थना पाठ होत नाहीत. नात्यातील एक बाई तर म्हणतात, हे घराण्याच्या पापाचे फळ आहे. त्यांना काय सांगावे?
— एक आई, जिल्हा सिंधुदुर्ग

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तो काटा मनात ठेवून बाकीचे काही नीट होणार नाही. त्या बाईंना योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय उघडून द्या. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. आणि येशू दोन्ही नाकारतो. आईला दोषी धरण्याची चूक वैद्यकानेही एके काळी केली होती. आईच्या कोरडेपणामुळे स्वमग्नता येते हे मत गेल्या शतकाच्या मध्यास बरेच रूढ होते, आणि 1964 साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, ते खोडून काढले. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. थोरल्या भावंडाला स्वमग्नता असेल, तर पाठच्या मुलाला ती असण्याचे प्रमाण 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे 20 टक्के आढळले.

आता नियमाचे. शिक्षण हक्क कायद्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीनुसार बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगत्व, म्हणजे 80 टक्के किंवा अधिक, असलेल्या मुलांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय निवडता येतो. आपल्या तिघांपैकी कोण त्यात बसते, हे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरून ठरेल. परंतु 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता स्वतंत्रपणे समाविष्ट आहे आणि 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला 6 ते 18 या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे, तेव्हा "घरीच ठेवा" एवढे सांगून शाळेची जबाबदारी संपत नाही. माझा आग्रह एकच आहे : शिकवा घरी, पण एकाही मुलाचे नाव शाळेच्या पटावरून काढू देऊ नका आणि दाखला मागू नका. नाव पटावर असेल, तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना घरी येण्याची विनंती तुम्हाला लेखी करता येते. नाव गेले, की त्यांच्या लेखी तुमची मुले उरतच नाहीत. प्रमाणपत्र हाती आल्यावर राष्ट्रीय न्यास या दिव्यांगांसाठीच्या केंद्र सरकारी संस्थेच्या निरामय योजनेचा अर्जही भरा. तीत प्रत्येकी 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो. थोरल्याची दहावी हा मात्र घाईचा विषय नाही. चौदा पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) त्याला एकेक विषय घेत पाच वर्षांच्या मुदतीत ती परीक्षा देता येईल.

तिघांना एका चटईवर बसवून एकच धडा शिकवण्याचा अट्टहास सोडा. त्यात तुम्हीच आधी थकाल. एका वेळी एका मुलाजवळ पंधरा-वीस मिनिटे बसा आणि तेवढ्यात बाकी दोघांना तुमच्याशिवाय पुरे करता येईल असे काम द्या. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनामध्ये विकसित झालेल्या 'टीच' पद्धतीतील एक युक्ती इथे फार उपयोगी पडते : मुलाच्या डाव्या हाताला कामाच्या दोन-तीन पेट्या ठेवायच्या, काम झालेली पेटी त्याने उजवीकडे सरकवायची आणि डावी बाजू रिकामी झाली की सुटी. किती काम उरले हे डोळ्यांना दिसते, म्हणून "अजून किती?" ही धुसफूस कमी होते. पेटीत महागडी साधने नकोत. मोजायला धुतलेले मोठे शिंपले, जोड्या लावायला दोन रंगांचे चिमटे, थोरल्याला बाजाराची यादी आणि तिची बेरीज. कच्च्या काजूबिया मात्र कटाक्षाने टाळा, कारण टरफलातला चीक कातडी भाजतो आणि धाकटा वस्तू तोंडात घालत असेल तर तो जीभही भाजेल. दिवसाचा क्रम चित्रांच्या पट्टीवर लावा आणि सासूबाईंनाही तीच पट्टी वापरायला सांगा. आजी एक सांगणार आणि आई दुसरे, यात मुलांची सर्वाधिक फरफट होते. धाकट्यासाठी आयआयटी मुंबईत तयार झालेले 'जेलो' हे मोफत अ‍ॅप मोबाइलवर घ्या. चित्रावर बोट ठेवले की शब्द ऐकू येतो. चित्रांची सवय लागली तर मूल बोलायचेच नाही, ही भीती निराधार आहे.

मुलीच्या ख्रिस्तप्रसादाबद्दल फादरांशी स्वतः बोला. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या धर्मसंहितेतील 777 व्या कलमानुसार दिव्यांगांनाही त्यांच्या क्षमतेप्रमाणे धर्मशिक्षण मिळेल हे पाहणे धर्मगुरूंचे कर्तव्यच आहे, तेव्हा ती सवलत म्हणून मागू नका. प्रार्थना पाठ असणे ही कसोटी नाही; ही साधी भाकर नव्हे, एवढे मुलगी हात जोडून किंवा शांत उभी राहून दाखवू शकते का, हे पाहावे. खरी अडचण बहुधा जिभेला लागणाऱ्या कोरड्या, चिकटणाऱ्या स्पर्शाची असते. अभिषेक न झालेल्या भाकरीचा लहानसा तुकडा घेऊन घरी सराव करा आणि रविवारच्या गर्दीऐवजी आठवड्यातील एखाद्या शांत मिस्सेला विधी ठेवण्याची विनंती करा.

पत्रात आपण विचारलेले नाही, तरी लिहिल्यावाचून राहवत नाही. स्वमग्न मुले नकळत घराबाहेर निघून जातात, अनेकांना पाण्याची विलक्षण ओढ असते, आणि अशा मुलांच्या अपघाती मृत्यूंमध्ये बुडणे हे एक प्रमुख कारण आहे. आपल्याकडे तर परसात विहीर आणि पलीकडे खाडी किंवा समुद्र. विहिरीला कुलूप लागेल अशी लोखंडी जाळी बसवा, मागच्या दाराला मुलाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंच कडी लावा, जमेल तशी तिघांनाही पोहायला शिकवा, आणि शेजारी व किनाऱ्यावरील मच्छीमारांना मुलांची ओळख करून देऊन तुमचा नंबर त्यांच्याजवळ ठेवा. हे काम पेट्या आणि चित्रपट्ट्यांच्या आधी, याच आठवड्यात करा.