‘बूका मी’ म्हणणारे ‘एन बूक’ का म्हणतात?

तुमची अडचण अशी: नॉर्वेजियनच्या पाठ्यपुस्तकात ‘ऐ बूक’ म्हणजे एक पुस्तक, स्त्रीलिंगी. बर्गनची सहकारी ‘ते पुस्तक’ म्हणायला ‘बूकेन’ म्हणते, जणू शब्द पुल्लिंगीच. आणि ओस्लोचा घरमालक एका दमात ‘एन बूक’ही म्हणतो आणि ‘बूका’ही. मग नॉर्वेजियनमध्ये लिंगं दोन की तीन?

बोलणारा कुठल्या गावचा आणि किती वर्षांचा, यावर ते अवलंबून आहे. टाळाटाळ करत नाहीये, खरंच तसं आहे.

आधी एक गाठ सोडवू. लिंग शब्दाच्या शेपटावर ठरत नाही, आजूबाजूचे शब्द कसे बदलतात त्यावर ठरतं. आपल्याकडे ‘पाणी’ ईकारान्त असूनही नपुंसकलिंगी, कारण आपण ‘थंड पाणी सांडलं’ म्हणतो, ‘सांडली’ नाही. हीच कसोटी नॉर्वेजियनला लावा. ‘बूका’मधला शेवटचा ‘आ’ म्हणजे ‘ते ठरावीक पुस्तक’ दाखवणारा प्रत्यय, थोडक्यात शेपूट. लिंगाचा खरा पुरावा म्हणजे नामाआधीचा ‘ऐ’ किंवा ‘एन’, ‘लहान’साठी ‘लीता’ किंवा ‘लीतेन’, ‘माझं’साठी ‘मी’ किंवा ‘मिन’. (हो, ‘मी’ म्हणजे ‘माझी’. पहिले सहा महिने मी यावर अडखळलो.)

आता ओस्लो. तिथे ‘ऐ’ ऐकायला कान टवकारावे लागतात. ‘एन बूक’, ‘एन लीतेन बूक’, ‘मिन बूक’ हे सगळं पुल्लिंगासारखं. पण शेपूट ‘आ’ मात्र शाबूत: ‘बूका’. आणि ‘माझं’ नामानंतर आलं की तोच माणूस ‘बूका मी’ म्हणतो. नामाआधी आलं तर ‘मिन’, नंतर आलं तर ‘मी’! म्हणून काही अभ्यासक म्हणतात की नंतरचं ‘मी’सुद्धा आता शेपटाचाच भाग झालंय आणि ओस्लोत लिंगं दोनच उरली आहेत. पुल्लिंग आणि स्त्रीलिंग मिसळून एक सामान्यलिंग, दुसरं नपुंसकलिंग. ‘आ’ फक्त काही नामांची चालवण्याची तऱ्हा. मला हे पटतं. घरमालक गोंधळलेला नाही, त्याचं व्याकरण चोख आहे.

बर्गनची गोष्ट निराळी आणि फार जुनी. तिथे शेपूटही गेलं: ‘बूकेन’, ‘येन्तेन’ (ती मुलगी), ‘सूलेन’ (सूर्य). चौदाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे हान्सा (उत्तर जर्मन शहरांचा व्यापारी संघ) व्यापाऱ्यांची वखार होती, ती १७५४ पर्यंत चालली. शेकडो वर्षं सुक्या मासळीचे सौदे आणि लो जर्मन (उत्तर जर्मनीची भाषा) बोलणारे लोक. गंमत म्हणजे लो जर्मनमध्येही लिंगं तीनच होती, म्हणजे दोनाची पद्धत कुणी उसनी आणली नाही. मोठ्या वयात दुसऱ्याची बोली कामापुरती उचलणारे बाजारात पुष्कळ झाले की असले बारकावे झिजतात, असं त्याचं सर्वसाधारण स्पष्टीकरण देतात.

उत्तरेला कोफ्योर्ड आणि नूरराइसा भागातही दोनाची पद्धत आढळते. तिथल्या पुष्कळ घरांत आधी सामी (तिथल्या मूळ रहिवाशांची भाषा) किंवा क्वेन (फिनिशच्या जवळची भाषा) बोलत. या भाषांत व्याकरणिक लिंगच नाही. भाषा बदलताना तीन लिंगांचं ओझं सगळ्यांनी उचललं नाही.

आणि सगळ्यात ताजा बदल ट्रोम्सो आणि ट्रॉन्डहाइममध्ये. युलिया रोदिना आणि मारित वेस्टरगोर या भाषाअभ्यासकांनी ट्रोम्सोच्या मुलांना आणि मोठ्यांना बोलतं केलं (तो लेख २०१५ चा). मोठे ‘ऐ’ नीट वापरतात, लहान मुलं बहुतेक ‘एन’ म्हणतात, पण ‘आ’ सगळ्यांच्या तोंडी. ट्रॉन्डहाइमवरचा २०१९ चा लेखही हेच दाखवतो. मी १४ वर्षं ट्रॉन्डहाइममध्ये आहे. आमच्या शेजारच्या आजी ‘ऐ लीता बूक’ म्हणतात, नातू ‘एन लीतेन बूक’. पुस्तक शोधताना मात्र दोघंही ‘बूका’च विचारतात. आजी नातवाला टोकत नाहीत. बहुधा त्यांना ते ऐकूच येत नाही.

स्त्रीलिंग एवढ्या लवकर का गेलं? मराठीशी ताडून पाहा. ‘माझी जुनी पाटी पडली’ यात ‘माझी’, ‘जुनी’, ‘पडली’ असे तीन शब्द लिंग सांगतात. मूल दिवसभर हेच ऐकतं, चुकायला वावच कमी. नॉर्वेजियनमध्ये क्रियापद लिंगानुसार बदलत नाही. ‘मोठी’ आणि ‘मोठा’ला एकच ‘स्तूर’. पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा फरक उरतो ‘ऐ’, ‘मी’, ‘लीता’ अशा मोजक्या शब्दांत. त्यात बूकमोल ही लेखी भाषा ‘एन बूक’ला मोकळीक देते आणि राजधानीची बोली टीव्हीवर कायम. स्त्रीलिंगाला टेकू द्यायला फारसं काही राहत नाही.

शेपटावरून भांडणं मात्र झाली. १९३८ च्या लेखन-सुधारणेनं बूकमोलमध्ये कित्येक शब्दांना ‘आ’ सक्तीचा केला. पन्नाशीच्या दशकात ओस्लोतले पालक मुलांच्या पुस्तकांतली असली रूपं हातानं खोडून ‘नीट’ करत बसले होते! ‘आ’ म्हणजे पूर्व ओस्लोचं, कामगारांचं, अशी ती भावना. अजूनही पश्चिमेचे काही लोक ‘बूकेन’ म्हणतात. पण तेच लोक सुट्टीला ‘ह्यत्ता’वर (सुट्टीच्या छोट्या घरी) जातात आणि कुरणातल्या गाईला ‘कूआ’च म्हणतात, तिथे ‘एन’चं शेपूट कुणी लावत नाही.

तुमच्यापुरतं: मराठी लिंगावरून अंदाज बांधू नका. घर आणि मूल आपल्यासारखेच तिकडेही नपुंसक निघतात (हूस, बार्न), पण पुस्तक आणि सूर्य लगेच दगा देतात. प्रत्येक नाम जोडीनं पाठ करा: ‘एन बूक, बूका’. ओस्लोत राहणार असाल तर ‘ऐ’ न बोलता सगळं आयुष्य निघेल. बर्गनच्या सहकारीची नक्कल तेवढी करू नका, बाहेरच्याच्या तोंडी ‘येन्तेन’ ऐकून लोक बर्गनचे का म्हणून विचारतात. आणि कधी नीनोश्क (नॉर्वेजियनचं दुसरं लेखी रूप) शिकायला घेतलंत, तर तिथे स्त्रीलिंगाला पर्याय नाही, ‘ऐ’ आणि ‘लीता’ दोन्ही घटवावेच लागतील.